चुंबक फिरवा, पाणी प्या?

टँकरचा पाइप, नव्या रेनकोटचा वास आणि लॅबमधली चिमूटभर काळी पूड... पाण्यात उतरलेलं प्लॅस्टिकचं 'तेल' परत बाहेर काढता येतं का?

"अगं, तुमच्या पाण्याला रेनकोटचा वास येतोय."

रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले. ताई ओट्यापाशी ग्लास नाकाशी धरून उभी. तिला सहावा महिना. साताऱ्याहून चार दिवस माझ्याकडे आराम करायला आलेली, आणि पहिल्याच सकाळी हे! मी अर्धवट झोपेत म्हटलं, "ताई, तुला हल्ली सगळ्यालाच वास येतो. काल माझ्या शाम्पूलाही येत होता." तिने ग्लास माझ्या हातात दिला. मी हुंगून बघितलं. आला की हो! शाळेतल्या जून महिन्याचा, कोऱ्या रेनकोटची घडी उलगडताना येतो तोच वास.

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम टोकाला. इथे रिव्हर व्ह्यू आहे, क्लबहाऊस आहे, जिम आहे... फक्त पाणी टँकरने येतं. खाली जाऊन वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "पाइप नवा हाय मॅडम. जुना फाटला ना, परवाच बदलला त्यांनी." बघते तर हिरवागार, जाडजूड, मऊ पाइप टँकरच्या पाठीवर उन्हात वेटोळं घालून पडलेला. हात लावला तर चांगलाच तापलेला.

वर आले तर ताईचा एकच प्रश्न, "बाळाला काही होणार नाही ना गं?"

मास कॉमच्या डिग्रीत या प्रश्नाचं उत्तर शिकवत नाहीत. पण कुणाला विचारायचं हे शिकवतात. माझी एक जुनी रूममेट केमिस्ट्रीत पीएच.डी. करतेय. आम्ही एकत्र राहायचो तेव्हा ती रात्री अकराला लॅबमधून यायची आणि 'आज माझं पॉलिमर बनलंच नाही' म्हणून मॅगी खात रडायची. तिचा विषय नेमका काय, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिला फोन लावला. म्हटलं, "पाण्यातलं प्लॅस्टिक काढतात ते काय असतं गं?" पलीकडे शांतता. मग आवाज आला, "तीन वर्षं मी तेच करत होते, बावळट!"

शिऱ्यातलं तूप

आधी थोडा बॅकग्राऊंड. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक आणि ठिसूळ. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करणाऱ्या वॉल्डो सेमन या केमिस्टला ते मऊ, रबरासारखं करण्याची युक्ती सापडली. ही युक्ती म्हणजे प्लॅस्टिसायझर. पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांमध्ये एक तेलकट द्रव मुरवायचा. साखळ्या एकमेकींवरून सरकायला लागतात आणि कडक प्लॅस्टिक लवचीक होतं. मऊ पीव्हीसीच्या वजनातला वीस ते चाळीस टक्के भाग हा द्रवच असू शकतो!

या द्रवांचं सगळ्यात मोठं कुटुंब म्हणजे थॅलेट्स, आणि त्यातलं वर्षानुवर्षं सर्वाधिक वापरलं गेलेलं नाव डीईएचपी. बागेतला पाइप, वायरचं आवरण, रेक्झिनचा सोफा, टेबलक्लॉथ, सलाइनची नळी... जिथे पीव्हीसी मऊ, तिथे हे कुटुंब भेटण्याची शक्यता दाट. दवाखान्यातल्या रक्ताच्या पिशवीत तर डीईएचपीचा चक्क फायदा होतो. त्याच्यामुळे लाल पेशी जास्त दिवस टिकतात. म्हणून युरोपने वैद्यकीय साधनांतून त्याला हद्दपार करण्याची तारीख २०३० पर्यंत पुढे ढकललीय.

मग अडचण कुठे आहे? रूममेटने ती स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगितली. "शिऱ्यात तूप असतं ना, तसं. तूप रव्याला बांधलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. शिरा कागदावर ठेव, कागद तेलकट होणारच." थॅलेट्सही प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. उष्णता, तेल, वेळ यातलं काहीही मिळालं की हळूहळू बाहेर पडतात. जुना रेक्झिन कडक होऊन तडकतो, कारण त्यातला हा मऊपणा निघून गेलेला असतो. तो गेला कुठे? हवेत, धुळीत, अन्नात, पाण्यात.

इथे दोन गैरसमज मिटवून टाकूया. मिनरल वॉटरची पारदर्शक बाटली पीईटीची असते. तिच्या लांबलचक नावात 'टेरेथॅलेट' आहे म्हणून लोक घाबरतात, पण ते वेगळं रसायन. पीईटीला मऊ करायला प्लॅस्टिसायझर लागत नाही. दुसरं, भिंतीतून जाणारा कडक पांढरा पाइप. त्याला प्लंबर 'यूपीव्हीसी' म्हणतो, त्यातल्या 'यू'चा अर्थच 'प्लॅस्टिसायझर न घातलेला' असा आहे. संशयित आहे तो वाकणारा, मऊ पाइप. टँकरवाल्याचा.

आणि वास? यावर मी जाम तोंडघशी पडले. डीईएचपीला जवळजवळ वासच नसतो. नव्या पीव्हीसीचा वास येतो तो प्रामुख्याने त्यातल्या इतर उडून जाणाऱ्या रसायनांचा. म्हणजे वास आला म्हणून थॅलेट आहेच असं नाही, आणि पंधरा दिवसांनी वास गेला म्हणून थॅलेट गेलं असंही नाही. ताईचं नाक बरोबर पाइपपर्यंत पोचलं होतं, पण पुढचा तपास नाकाचं काम नव्हतं.

दोन थेंबांचा हिशेब

थॅलेट्सची भीती विषासारखी नाही. घोट घेतला आणि आडवे झालो, असं काही होत नाही. यातले काही थॅलेट्स शरीरातल्या हॉर्मोन्सच्या कामात लुडबुड करतात. गाभण उंदरिणींना डीईएचपी दिल्यावर नर पिल्लांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी पडतं आणि जननेंद्रियांची वाढ बिघडते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक शॅना स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या लघवीतले थॅलेट्सचे अंश आणि त्यांच्या मुलग्यांची वाढ यांची सांगड घातली. आईच्या शरीरात काही थॅलेट्स जास्त असतील तर मुलग्यांमध्ये सूक्ष्म फरक दिसत होते. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर हा विषय लॅबमधून थेट घराघरात पोचला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने डीईएचपीला 'माणसात कॅन्सर घडवण्याची शक्यता असलेला' या गटात टाकलं.

खेळण्यांवर आधीच गदा आली होती. युरोपने १९९९ मध्ये तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची बंदी घातली, अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्या मानकांत थॅलेट्सचाही भाग आहे.

पाण्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली डीईएचपीची मर्यादा आहे लिटरला ८ मायक्रोग्रॅम. अमेरिकेची ६. आकडा ऐकून काही बोध होत नाही ना? मलाही झाला नाही. मग आम्ही टिश्यू पेपरवर हिशेब मांडला. आमचा टँकर १० हजार लिटरचा. ८ मायक्रोग्रॅम गुणिले १० हजार म्हणजे ८० मिलिग्रॅम. ड्रॉपरचे जेमतेम दोन थेंब! एवढ्याने अख्खा टँकर मर्यादेपाशी येतो.

घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. डीईएचपी पाण्यात फार म्हणजे फारच कमी विरघळतं, ही निसर्गाची कृपा. त्याचा मोठा वाटा आपल्या पोटात जातो तो पाण्यातून नव्हे, तर अन्नातून, विशेषतः तेलकट पदार्थांतून. शरीर त्याचं बरंचसं एक-दोन दिवसांत बाहेरही टाकतं. पण आपण रोज नव्याने घेत राहतो. अमेरिकेत लोकांची लघवी तपासतात तेव्हा बहुतेकांमध्ये थॅलेट्सचे अंश सापडतात, ते त्यामुळेच.

आणि कधी कधी कुणी मुद्दामच घालतं. २०११ च्या मे महिन्यात तैवानमध्ये उघड झालं, की ज्यूस, स्पोर्ट्स ड्रिंक्स, जॅम यांना दाट, एकजीव रूप देणाऱ्या मिश्रणात पाम तेलाऐवजी स्वस्तातलं डीईएचपी घातलं जात होतं. सापडलं कसं? सरकारी लॅबमधली एक तपासनीस भलतंच काहीतरी शोधत होती. यंत्राच्या आलेखावर नको तिथे एक टोक दिसलं, आणि तिने ते 'जाऊ दे' म्हणून सोडलं नाही. अख्खं तैवान हादरलं.

चिमूटभर काळी पूड

पुढच्या शनिवारी मी रूममेटच्या लॅबमध्ये हजर. बॅगेत आमच्या टँकरच्या पाण्याची बाटली. अगदी अभिमानाने टेबलावर ठेवली. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कशात आणलंस?"

"बाटलीत."

"प्लॅस्टिकच्या? आणि झाकणाच्या आत ती मऊ चकती आहे ती?"

माझं सॅम्पल बाद! थॅलेट तपासायचं पाणी काचेच्या बाटलीत, झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल लावून आणायचं असतं. नाहीतर आपण टँकर तपासतोय की झाकण, हेच कळत नाही. गंमत म्हणजे तिची स्वतःची पहिली चार महिन्यांची मेहनत अशीच वाया गेली होती. कोऱ्या, शुद्ध पाण्याचा रिपोर्टही 'थॅलेट आहे' म्हणून यायचा! शेवटी कळलं, हातमोजे, नळ्या, पिपेटची टोकं, लॅबमधली धूळ... सगळीकडून ते झिरपत होतं. तेव्हापासून तिच्या टेबलावर फक्त काच, तीही भट्टीत तापवून घेतलेली. 'जे काढायला बसलोय तेच खोलीभर पसरलंय' हा तिच्या पीएच.डी.चा पहिला धडा.

मग तिने शो दाखवला. काचेच्या एका बाटलीत पाणी, त्यात डायब्युटाइल थॅलेट नावाचं प्लॅस्टिसायझर आधीच मोजून मिसळलेलं. दिसायला एकदम स्वच्छ. त्यात तिने चिमूटभर काळी पूड टाकली. पाणी शाईसारखं झालं. बाटली थोडा वेळ हलवणाऱ्या यंत्रावर ठेवली आणि आम्ही चहा प्यायलो (लॅबबाहेर, स्टीलच्या कपात!). परत आल्यावर तिने लाडूएवढा एक लोहचुंबक काढला आणि बाटलीच्या बाहेरून टेकवला.

तुम्ही लहानपणी जुन्या स्पीकरचं चुंबक वाळूतून फिरवलंय? त्याला काळ्या मिशा फुटायच्या, आठवतं? अगदी तसंच. शाईतून काळे ओघळ चुंबकाच्या दिशेने धावायला लागले. एका मिनिटात सगळी पूड काचेच्या एका बाजूला चिकटून बसली आणि बाकीचं पाणी लख्ख. तिने बाटली तिरकी करून पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. पूड जागची हलली नाही. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे चुंबक प्लॅस्टिकला ओढतं?" मी विचारलं.

"छे! थॅलेटला चुंबकाशी काही घेणंदेणं नाही. चुंबक फक्त पुडीला ओढतं. थॅलेटला पकडते ती पूड."

हाच सगळा फंडा आहे. पाण्यातली घाण स्वतःच्या पृष्ठभागावर चिकटवून घेणारे पदार्थ आपल्याला जुने आहेत. त्याला अधिशोषण म्हणतात. घरातल्या फिल्टरमधला कोळसा तेच करतो. कण जितका बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि काम झटपट. पण अतिबारीक पूड पाण्यात टाकली की ती परत काढायची कशी? कापडातून गाळली तर आरपार जाते, बारीक गाळणी लावली तर ती तुंबते. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, कारण बारीक माती आपणहून खाली बसत नाही. इथे तुरटीचं काम चुंबक करतं. पुडीच्या प्रत्येक कणाच्या पोटातच लोखंड ठेवायचं, म्हणजे बोलावलं की परत येईल!

किल्ली आणि साबण

कणाच्या पोटातलं हे लोखंड म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचा काळा ऑक्साइड. दोन प्रकारच्या लोहक्षारांचं गरम द्रावण करायचं, त्यात अमोनिया ओतायचा, की क्षणात सगळं काळं होतं. कणांचा आकार साधारण दहा नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने मावतील. हिशेब केला तर अशा एका ग्रॅम कणांचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्या वर जातो. म्हणजे चिमटीत हजार-अकराशे स्क्वेअर फुटांचा ऐसपैस टू बीएचके! इतक्या लहान कणांची आणखी एक खुबी आहे. चुंबक जवळ असेपर्यंतच ते चुंबकासारखे वागतात. चुंबक काढलं की विसरतात आणि पुन्हा सुटे होतात. त्यामुळे गोळा न होता पाण्यात पसरतात.

या कणांवर आधी काचेसारख्या सिलिकाचं पातळ कव्हर चढवतात, त्यावर पॉलिमरचा थर. आणि हा थर साधा नसतो. तुम्ही जुन्या हिंदी पिक्चरमध्ये बघितलंय ना, व्हिलन तिजोरीची किल्ली साबणावर दाबून ठसा घेतो? तसंच. पॉलिमर बनत असताना त्यात थॅलेटचे रेणू मिसळून ठेवतात. पॉलिमर त्यांच्याभोवती घट्ट होतं. मग ते रेणू धुऊन काढले की मागे उरतात नेमक्या त्याच मापाच्या खाचा. पुढे पाण्यात तसा रेणू भेटला की तो खाचेत जाऊन बसतो. या तंत्राची पायाभरणी जर्मनीच्या गुंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये केली, पुढे स्वीडनमधल्या लुंडच्या क्लाउस मोसबाक यांनी ते सोपं आणि सर्वदूर केलं.

एवढा खटाटोप कशाला? कारण खऱ्या पाण्यात थॅलेट एकटं नसतं. पाल्यापाचोळ्याचा अर्क, साबण, तेल, सगळ्यांना त्या पुडीवर जागा हवी असते. गर्दीच्या लोकलमध्ये रिझर्व्हेशन असल्यासारखी ही खाच. शिवाय थॅलेट्सचे स्वभाव वेगवेगळे. डीईएचपीला लांब तेलकट शेपट्या आहेत, त्याला पाणी मुळीच आवडत नाही, ते मिळेल त्याला चिकटतं. डायमिथाइल थॅलेट हा धाकटा भाऊ मात्र पाण्यात आरामात विरघळून राहतो. त्याला पकडणं खरं कठीण.

याच शर्यतीत इतरही आहेत. २०१६ मध्ये विल्यम डिक्टेल यांच्या अमेरिकेतल्या गटाने स्टार्चपासून मिळणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या कड्यांचं सच्छिद्र पॉलिमर बनवलं. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकमधल्या बिस्फेनॉल ए या रसायनाला ते काही सेकंदांत पकडतं. पुढे अशा कड्यांच्या चुंबकीय आवृत्त्याही वेगवेगळ्या लॅबमध्ये बनल्या.

मग आपल्या किचनमध्ये कधी?

हा प्रश्न मी विचारला आणि रूममेट हसली. "ताईला चमचाभर पूड देऊ का?"

पूड थॅलेटला पकडते, नष्ट करत नाही. भरलेली पूड पुन्हा वापरायची तर ती मिथेनॉलसारख्या द्रवाने धुवायची. मिथेनॉल स्वतः विषारी. आणि धुतल्यावर त्यात उतरलेलं थॅलेट? ते आता बाटलीभर पाण्याऐवजी चमचाभर मिथेनॉलमध्ये बसलंय. त्याची विल्हेवाट कुणीतरी लावायचीच. शिवाय पुडीतला एखादा टक्का चुंबकाच्या हातून निसटला तर आपण लोखंडाचे नॅनोकण पिणार. आणि सगळ्यात कहर म्हणजे ठसा घेताना वापरलेलं थॅलेट कितीही धुतलं तरी थोडं आत राहून जातं आणि नंतर पाण्यात उतरतं. म्हणजे जे काढायचं, तेच आपण घालतोय! यावर उपाय म्हणून संशोधक ठशासाठी थॅलेटसारखाच दिसणारा दुसरा 'डमी' रेणू वापरतात. रूममेटचं शेवटचं वर्ष याच डमीच्या मागे चाललंय.

पण म्हणून हे सगळं लॅबमधलं खेळणं आहे असं समजू नका. चुंबकीय पॉलिमर पाण्याच्या मोठ्या प्रकल्पात चालतं, हे ऑस्ट्रेलियाने २००१ मध्येच दाखवलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट प्लेझंटला पोटात चुंबकीय लोह ऑक्साइड असलेले रेझिनचे मणी शुद्धीकरण केंद्रात वापरायला सुरुवात झाली. ते मणी पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कचरा पकडतात, मग एकमेकांना चिकटून भराभर तळाशी बसतात आणि मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लागतात. थॅलेटसाठी ते बनवलेले नाहीत, पण 'टाका, पकडा, परत बोलवा' ही पद्धत शहराच्या पाण्यावरही चालते, एवढं सिद्ध झालं.

थॅलेटवाल्या पुडीची आजची खरी नोकरी वेगळीच आहे. मोजणं! लिटरभर पाण्यात लपलेले काही मायक्रोग्रॅम यंत्राला थेट दिसत नाहीत. पूड ते गोळा करते, थेंबभर द्रवात उतरवते आणि मग यंत्र ते मोजतं. १९९९ पासून ही चुंबकीय पद्धत लॅबमध्ये रुळलीय. आणि उद्याची नोकरी? रूममेटच्या मते ती किचनमध्ये नाहीच. जिथे थॅलेट्स दाट असतात, म्हणजे प्लॅस्टिक कारखान्याचं सांडपाणी किंवा कचरा डेपोतून झिरपणारं काळं पाणी, तिथे. "नदीत पसरल्यावर मागे धावण्यापेक्षा पाइपच्या तोंडाशी पकडलेलं बरं," ती म्हणाली.

पाइपच्या तोंडाशी... माझ्या डोळ्यांसमोर तो हिरवा पाइप आला.

तोपर्यंत घरी काय कराल?

* पाणी उकळून थॅलेट जात नाही. डीईएचपी उकळतं ३८० अंश सेल्सिअसच्या वर. उकळणं जंतूंसाठी करा, यासाठी नाही.

* अॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर कामाचा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेही डीईएचपीसाठी दाणेदार कार्बनच सुचवलाय. पण कार्ट्रिज वेळेवर बदला. भरलेला कोळसा नवीन काही पकडत नाही.

* मऊ पाइपमध्ये उन्हात पडून राहिलेलं पाणी पिण्यासाठी घेऊ नका. पहिलं पाणी झाडांना सोडा.

* पाणी साठवायला स्टील, तांबं, काच किंवा आपला माठ. यांना मऊ करायला कुणी तेल घालत नाही.

* गरम, तेलकट जेवण मऊ प्लॅस्टिकमध्ये भरू नका, प्लॅस्टिकमध्ये मायक्रोवेव्ह करू नका. ऑफिसचा डबा स्टीलचा असेल तर लाजू नका! थॅलेट्स पाण्यापेक्षा अन्नातून जास्त येतात, हे विसरू नका.

* पाइप घेताना 'फूड ग्रेड' आणि 'थॅलेट नसलेला' हे दोन्ही विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

पुन्हा टँकर

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढला, तेव्हा अर्ध्या लोकांना वाटलं मी फिल्टर विकायला आलेय. एक काका म्हणाले, "आम्ही आयुष्यभर पीत आलो, काय झालं आम्हाला?" एकाने मोबाइलवर शोधून मला सांगितलं की पीईटीची बाटली जास्त घातक असते. त्याला 'टेरेथॅलेट' समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग सेक्रेटरींनी विचारलं, "पाणी तपासून घेऊया का?" मी म्हटलं, जरूर घेऊ, मान्यताप्राप्त लॅबमधून, काचेच्या बाटलीत. पण एका टँकरचा रिपोर्ट उद्याच्या टँकरबद्दल काही सांगणार नाही. त्यापेक्षा आधी पाइप बदलूया का? चाचणीच्या फीचा आणि पाइपचा भाव शेजारी शेजारी मांडला. खजिनदारांनी पाइपवर बोट ठेवलं.

टँकरवाल्याशी बोलणी वॉचमनकाकांनीच केली. आता सोसायटीचा स्वतःचा फूड ग्रेड पाइप आहे. वापरून झाला की काका तो रिकामा करून जिन्याखाली सावलीत टांगतात आणि कुणी उन्हात टाकलाच तर ओरडतात. पहिल्या बादलीभर पाण्यावर गेटपाशी लावलेला मोगरा पोसलाय.

ताईला मी सगळं सविस्तर सांगितलं. घाबरू नकोस, चार दिवसांच्या पाण्याने आभाळ कोसळत नाही, डॉक्टरांना विचार, आणि लोणचं त्या प्लॅस्टिकच्या बरणीतून काढून चिनी मातीच्या बरणीत भर. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे. पण ते चुंबक कुठाय? बघू तरी."

रूममेटने निघताना मला एक छोटं चुंबक दिलं होतं, आठवण म्हणून. ते फ्रिजवर आहे. त्याच्याखाली ताईने जाताना लावून ठेवलेला सोनोग्राफीचा फोटो.